विदर्भ एक्स्प्रेस ते शिडाची होडी: बारा तासांची मुंबई

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या गावात नेट आमच्या कामठ्यासारखंच झाडावर चढून शोधावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिखाण. ऑडिओ शब्दाला शब्द उतरवलेला नाही. माझं अडखळणं काढून टाकलंय आणि काही आकडे नंतर तपासून घातलेत. बाबांचं बोलणं मात्र तसंच ठेवलंय, ते बदललं तर घरी जेवण मिळणार नाही.

तर विषय आहे मुंबईचं बंदर. एका दिवसात बघायचं आणि शिडाच्या होडीत बसून बघायचं. सोबतीला माझे बाबा. वय बासष्ट, धानाची शेती, आणि या डिसेंबरपर्यंत त्यांनी समुद्र बघितलेला नव्हता.

गंमत अशी की नकाशात मोजलं तर गोंदियाला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. पण आपण नकाशाने जात नाही, रेल्वेने जातो. विदर्भ एक्स्प्रेस दुपारी गोंदियाहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला सीएसएमटीला सोडते. तीच गाडी संध्याकाळी सातच्या सुमाराला परत निघते. म्हणजे हातात बारा तास, आणि हॉटेलचा खर्च शून्य. आमच्याकडची बरीच मंडळी मंत्रालयातलं काम असंच करून येतात. मी म्हटलं, याच बारा तासांत बंदर बसवून बघू.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, तलावात शिंगाडे काढताना बुडाला. मी त्याला फक्त फोटोत बघितलंय. तेव्हापासून बाबा गुडघ्याच्या वर पाण्यात उतरत नाहीत. आयुष्यभर तलावाचं पाणी पाटाने बांधीत घेतलं, पारीवर रात्री जागले, पण डोंग्यात कधी बसले नाहीत. मी बोटीचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "मले काही हौस नाही बोटीची. पन तू म्हनते त जाऊ. बसाचं का नाही ते तिथं पाहू." मी दोन्ही तिकिटं काढली आणि गप्प बसलो.

सकाळी सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात तोंड धुतलं. ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधली, १८८७-८८ ची, आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाबा पाच मिनिटं मान वर करून घुमटाकडे बघत राहिले आणि मग विचारलं, "इथं चहा कुठी भेटते?" चहा घेतला, पोहे खाल्ले (तर्री नाही, कोरडेच, त्यावर आम्ही दोघं बोललो नाही) आणि गेटवेकडे निघालो.

आता थोडा इतिहास, पण धावत. गेटवे ऑफ इंडिया बांधायचं कारण म्हणजे राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले. मजा म्हणजे तेव्हा कमान नव्हतीच. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ ला, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, मग समुद्रात भराव टाकायलाच काही वर्षं गेली. उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. डेडलाइन चुकलेलं प्रोजेक्ट म्हणतात ना, त्याचा हा सव्वीस मीटर उंच नमुना. आणि ज्या साम्राज्याच्या थाटासाठी ती बांधली, त्याची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीखालून निघून गेली. म्हणजे वापर झाला जेमतेम तेवीस वर्षं. शेजारचं ताज हॉटेल तिच्याहून जुनं आहे, १९०३ चं. जुनी मराठी माणसं या जागेला पालवा बंदर म्हणायची, इंग्रजांच्या तोंडी त्याचं अपोलो बंदर झालं.

बंदर मुंबईच्या पूर्वेला का, हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. मरीन ड्राइव्ह, जुहू, सगळे समुद्राचे फोटो पश्चिमेचे. पण पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे, पावसाळ्यात लाटा सरळ येऊन आपटतात. पूर्वेला एका बाजूला मुंबईचं बेट आणि दुसऱ्या बाजूला उरण-अलिबागची जमीन, मध्ये खोल, आडोशाचं पाणी. जहाजाला उभं राहायला अशी जागा लागते. म्हणून आधी बंदर आलं आणि मग शहर. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात आणली, आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. बाबा म्हणाले, "एवढ्यात त आपली बांधीबी कोनी ठेक्यानं नाही देत."

आता बोट. घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला जाणाऱ्या लाँच गेटवेवरूनच सुटतात. साधारण तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. आमच्या समोर एक कुटुंब नाशिकहून सोमवारीच येऊन परत गेलेलं भेटलं, ते आता दुसऱ्यांदा आले होते.

धक्क्याच्या पायऱ्यांवर बाबा थांबले. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं आणि बोट हलत होती. मी काही बोललो नाही. त्यांनी आधी लाइफ जॅकेट मागितलं, घातलं, पट्टे दोनदा ओढून बघितले, आणि मगच पाय टाकला. आजूबाजूची तीन-चार पोरं हसली. मला आधी लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली.

कारण ऐका. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर, घारापुरीला निघालेल्या नीलकमल नावाच्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. बोटीत शंभराहून जास्त माणसं होती, डझनाहून जास्त गेली. त्यानंतर इथल्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. तरी पोरं ते बाकावर ठेवून त्यावर बसतात. जॅकेट अंगात असेल तरच काम करतं. बोट उलटल्यावर शोधू म्हणालात तर ते तुमच्या आधी वाहून गेलेलं असतं. छातीचे पट्टे आवळलेले नसतील तर पाण्यात ते गळ्यातून वर निघतं आणि तुम्ही खाली राहता. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण पट्टे मात्र त्यांचेच बरोबर होते, माझे सैल. त्यांनीच ओढून दिले.

(इथे ऑडिओत इंजिनाची घरघर आहे. ती मुद्दाम राहू दिलीय.)

बोट निघाली आणि बाबा बोटीच्या मध्यभागी, इंजिनाजवळ जाऊन बसले, जिथे सगळ्यात कमी हलतं. शेजारी बोटीवरचे एक खलाशी काका होते, कोळी, साठीचेच. दोन म्हातारे शेतकरी एसटीत भेटल्यावर जे होतं तेच झालं. पाऊस कसा, मासळी कशी, धानाला भाव काय. मग बाबांनी विचारलं, "हे पानी पायरीवर इतकं वर कसं आलं? तलावाचं त असं येत-जात नाही."

खलाशी काका म्हणाले, "भरती आहे. आज तिथी कुठली?"

बाबा एका सेकंदात, "वद्य द्वादशी."

"बारा त्रिक छत्तीस. भागिले चार. नऊ. नऊला भरती."

मी फोन काढला. भरती-ओहोटीच्या ॲपमध्ये त्या दिवसाची भरती साडेनऊच्या आसपास दाखवत होते. एका बाजूला सॅटेलाइट, सर्व्हर, एपीआय, आणि दुसऱ्या बाजूला तोंडी पावकी. फरक अर्ध्या तासाचा.

हे कसं चालतं ते सांगतो, कारण मला स्वतःला तिथे बसून ते मांडायला वीस मिनिटं लागली. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. पृथ्वी फिरते म्हणून दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पण आपण एक चक्कर मारून परत येईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला आणखी पन्नासेक मिनिटं लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. आता तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला याचंच माप. रोज साधारण एक तिथी पुढे, रोज साधारण पाऊण तास भरती पुढे. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या जवळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. हे गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं आहे. दुसऱ्या किनाऱ्यावर वेळ वेगळी बसते, त्यामुळे चेन्नईला जाऊन वापरू नका.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका ओळीत येतात, ओढ एकत्र होते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. मुंबईत उधाणाला चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जातो. जुलैत मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की मुंबई तुंबल्याच्या बातम्या येतात ना, त्याचं एक कारण हेच. गटाराचं तोंड समुद्रात आणि समुद्र गटारापेक्षा वर. पाणी जाणार कुठे?

बाबांना हे पटकन कळलं. "तुडूम बंद असल्यावानी झालं." तुडूम म्हणजे आमच्याकडे तलावातून पाणी सोडायचं तोंड. आणि खरं सांगू, त्यांच्या या वाक्यावरून मला इथल्या गोदी कळल्या. पाणी दोन पुरुष उतरत असेल तर धक्क्याला लागलेलं जहाज ओहोटीला चिखलात बसणार. मग काय करायचं? खोल हौद बांधायचा, त्याला समुद्राच्या बाजूने दार लावायचं, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दार बंद. बाहेर पाणी उतरलं तरी आतलं तेवढंच. पश्चिम भारतातली अशी पहिली गोदी म्हणजे १८७५ चा ससून डॉक, आज जिथे मासळीचा बाजार भरतो. मग १८८० चा प्रिन्सेस डॉक, १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. कोहळी लोकांनी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तलावात तेच केलं, पाणी आलं की अडवून ठेवायचं. फक्त तिथे धान तरतो आणि इथे जहाज.

घारापुरीवर मी थोडक्यात आटोपतो, त्यावर पुस्तकं आहेत. जेटीवरून छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या. मुख्य लेणं बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. आत सदाशिवाचं तीन मुखांचं शिल्प, सुमारे सहा मीटर उंच, काळोखात हळूहळू दिसू लागतं. मोबाइलचा फ्लॅश मारू नका, दोन मिनिटं उभे राहा, डोळे सरावले की चेहरे आपोआप पुढे येतात. बाबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. तिथे पूजा होत नाही हे मी सांगणार होतो, पण नाही सांगितलं. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते इथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत क्रेन तुटून पडला आणि फुटला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

बाबांना लेण्यापेक्षा जास्त धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. या बेटावर कायमची वीज २०१८ मध्ये आली, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. समोर मुंबईचे दिवे दिसतात आणि गाव स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं जनरेटरवर. "म्हंजे आपूनच मागं नव्हतो," एवढंच म्हणाले. कृषिपंपाच्या लोडशेडिंगवर नंतर अर्धा तास भाषण झालं, ते कापलंय.

परत येताना बोट जास्त हलली. याचं कारणही सोपं आहे. सकाळी जमीन गार असते, वारा मंद आणि जमिनीकडून. दुपारपर्यंत जमीन तापते, वरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्राकडून गार हवा धावते. म्हणून हिवाळ्यात मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून, वायव्येच्या बाजूने बऱ्यापैकी वारा सुटतो. ज्यांना उलटी होते त्यांनी सकाळची बोट धरावी. ज्यांना शीड चालवायचं आहे त्यांनी दुपार. पावसाळ्यात दोन्ही नाही.

साडेतीन वाजता आम्ही परत गेटवेपाशी. सकाळी बुडालेल्या पायऱ्या आता उघड्या, हिरव्या, शेवाळलेल्या. पाणी पुरुषभराहून खाली. बाबांनी पायऱ्या मोजल्या.

शिडाची होडी मी आधीच ठरवली होती, एक तास. बाबा काठावर बसतील आणि मी जाईन, असं मी मनात धरलं होतं. होडी चालवणाऱ्या ताईंना मी हळूच तसं सांगितलं. तेवढ्यात बाबांनी त्यांना थेट विचारलं, "हे पलटत नाही कायले? एवढं मोठं कापड वर, न खाली त काहीच दिसत नाही."

ताई म्हणाल्या, खाली आहे, पाण्यात असल्यामुळे दिसत नाही. होडीच्या पोटाखाली एक जड पातं असतं, कील. वारा शिडाला एका बाजूला ढकलतो, होडी कलते, पण जितकी कलते तितकं ते खालचं वजन तिला परत उभी ओढतं. बाबांनी दोन क्षण विचार केला. "बंडीत ओझं खाली भरलं त बंडी पलटत नाही. वर भरलं त पलटते." ताई म्हणाल्या, अगदी तेच. आणि बाबा जॅकेटचे पट्टे आवळून होडीत उतरले. मी त्यांच्या मागे.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. वारा मागून असेल तर होडी पुढे जाते हे कोणालाही कळतं. पण वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे जिकडून वारा येतोय तिकडे, होडी कशी जाते? इंजिन नाही, वल्हं नाही. मी इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये काठावर पास झालोय, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. शीड सपाट नसतं, फुगलेलं, वाकडं असतं. वारा त्याच्यावरून वळून जातो आणि विमानाच्या पंखासारखा शिडाला एका बाजूला ओढतो. ही ओढ बरीचशी आडवी आणि थोडीशी पुढे असते. खालचं कीलचं पातं आडवं सरकायला अडवतं, कारण एवढं पाणी बाजूला ढकलणं सोपं नाही. आडवं जाता येत नाही, मग उरलं पुढे. सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती बोटांच्या दिशेने जात नाही, समोर सटकते. वारा एक बोट, पाणी दुसरं बोट, होडी ती बी.

तरी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाहीच. साधारण पंचेचाळीस अंशांच्या आत गेलं की शीड नुसतं फडफडतं आणि होडी थांबते. म्हणून तिरकं डावीकडे, मग वळून तिरकं उजवीकडे, असं नागमोडी जायचं. घाटातला रस्ता जसा. प्रत्येक वळणाला शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून दुसऱ्या बाजूला येतो. ताई ओरडल्या की वाकायचं. मला एकदा लागला. बाबांना नाही.

पहिल्यांदा होडी कलली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड चांगलीच घट्ट होती, संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. मी विचारलं, परत जायचं का? ते बोलले नाहीत, शिडाकडे बघत राहिले. इंजिन नसल्यामुळे आवाज फक्त पाण्याचा आणि दोरीचा. दुसऱ्या वळणाला त्यांनी हात सोडला. तिसऱ्या वळणाला ताईंच्या आधी तेच म्हणाले, "आता वाका."

दक्षिणेकडे, खाडीच्या तोंडाशी खांदेरी. गेटवेजवळून दिसत नाही, पण त्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर हा किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी जहाजं पाठवून वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या, पण सगळा भरवसा वाऱ्यावर. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या आणि वल्ह्यांवरही पळणाऱ्या. वारा पडला की इंग्रज जागच्या जागी, आणि रसद घेऊन होड्या बाजूने निसटून बेटावर. किल्ला उभा राहिला. २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. मी ही गोष्ट शाळेत वाचली होती, पण वारा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या होडीचा वारा मध्येच तीनेक मिनिटं पडला. शीड लोंबलं, आणि आम्ही गेटवेच्या समोर, एवढ्या जवळ, काहीही करू शकत नव्हतो.

त्या तीन मिनिटांत बाबा काकाबद्दल बोलले. मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. ते इथे लिहीत नाही आणि ऑडिओतही नाही, कारण मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

मग वारा आला.

उतरल्यावर त्यांनी जॅकेट परत करताना ताईंना विचारलं, पोहायला कोणत्या वयापर्यंत शिकता येतं. ताई म्हणाल्या, वयाचा काही संबंध नाही. बाबा "बरं" म्हणाले. सातच्या गाडीला आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो. कल्याण गेल्यावर त्यांनी आईला फोन लावला आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अवं, आज द्वादशी ना? त बारा त्रिक छत्तीस. आता भागिले चार कर."